व्याकरणातला ‘धातू’ लोखंड-तांब्यावरून आला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. माध्यमिक शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवणाऱ्या एक शिक्षिका विचारतात: ‘क्रियापदातला प्रत्ययरहित मूळ शब्द म्हणजे धातू, ही व्याख्या मुले पाठ करतात. पण त्याच मुलांना विज्ञानाच्या तासाला धातू म्हणजे लोखंड, तांबे, सोने. मग क्रियापदाच्या मुळाला हेच नाव का? आम्हाला शिकवताना सांगितले होते की सोन्यापासून जसे दागिने घडतात तशी धातूपासून क्रियापदे घडतात, म्हणून. हे खरे आहे का? आणि हा शब्द संस्कृतच्याही मागे कुठवर नेता येतो?’

गाभा आधी सांगतो. दागिन्यांचा दाखला समजावून द्यायला चांगला आहे, पण तो व्युत्पत्ती म्हणून सांगितला जातो तेव्हा काळाचा क्रम उलटा होतो. व्याकरणातला धातू लोखंड-तांब्यावरून आलेला नाही. दोन्ही अर्थ एकाच जुन्या अर्थापासून वेगवेगळ्या वाटांनी निघाले, आणि उपलब्ध वाङ्मय पाहिले तर व्याकरणाची वाट आधी दिसते. तो जुना अर्थ म्हणजे ‘ठेवलेला, मांडलेला थर, घटक’.

आता हे कशावरून, ते पाहू.

सर्वांत जुना पुरावा ऋग्वेदाचा. तिथे धातु हा शब्द बहुतेक वेळा समासात येतो, आणि त्यातही ‘त्रिधातु’ या रूपात. अश्विनीकुमारांच्या सूक्तात (१.३४.६) ‘त्रिधातु शर्म वहतं शुभस्पती’ अशी मागणी आहे: आम्हाला त्रिधातु आसरा द्या. इंद्राच्या एका सूक्तात (६.४६.९) ‘त्रिधातु शरणं’ आहे. विष्णूच्या प्रसिद्ध सूक्तात (१.१५४.४) पृथ्वी, द्यौ आणि सगळी भुवने ज्या एकट्याने ‘त्रिधातु’ धरून ठेवली असे म्हटले आहे. या तिन्ही ठिकाणी ‘तीन धातूंचे’ म्हणजे तीन प्रकारच्या लोखंडाचे, असा अर्थ लावून पाहा. काहीच हाती लागत नाही. ‘तिहेरी’, ‘तिपदरी’ असा अर्थ घेतला की तिन्ही ओळी सरळ लागतात. म्हणजे इथला धातु हा पदर आहे, थर आहे.

याच पहिल्या ऋचेवर सायणाचार्यांचे भाष्य पाहण्यासारखे आहे. चौदाव्या शतकात भाष्य करताना त्यांनी ‘त्रिधातु’ म्हणजे वात, पित्त आणि श्लेष्म हे तीन धातू असा अर्थ केला आणि ऋचेतले सुख म्हणजे या तिघांचे शमन, असे म्हटले. सायणांच्या काळी आयुर्वेदातला धातु हा शब्द सर्वांच्या ओठावर होता, त्यामुळे तो अर्थ त्यांना सहज सुचला. इतका मोठा पंडित आपल्या काळचा अर्थ दोन-अडीच हजार वर्षे मागे नेतो, तर दागिन्यांचा दाखला व्युत्पत्ती होऊन बसला यात नवल नाही. शब्दाचा माग काढताना पहिला नियम हाच की जुन्या ओळीला तिच्या काळचा अर्थ विचारावा.

मग वेदकाळी लोखंड-तांब्याला काय म्हणत? ज्यांनी रुद्राबरोबर यजुर्वेदातले चमक हे स्तोत्र म्हटले आहे त्यांना हे पाठ असेल. पाचव्या अनुवाकात ‘अश्मा च मे मृत्तिका च मे’ अशी सुरुवात होते. दगड, माती, डोंगर, वाळू, झाडे मागून झाली की ‘हिरण्यं च मेऽयश्च मे सीसं च मे त्रपुश्च मे श्यामं च मे लोहं च मे’. सोने, अयस्, शिसे, कथील, श्याम, लोह असे एकेक नाव घेऊन मागणी आहे. शुक्ल यजुर्वेदातही ही यादी थोड्या वेगळ्या क्रमाने येते. या सगळ्यांना मिळून ‘धातु’ असे नाव तिथे कुठेच नाही. नुसत्या अनुपस्थितीवरून काही सिद्ध करू नये हे खरे, पण जिथे त्या शब्दाला यायला सर्वांत सोयीची जागा होती तिथे तो नाही, एवढी नोंद ठेवायला हरकत नाही.

‘थर’ या अर्थाचा मला सर्वांत आवडणारा पुरावा छांदोग्य उपनिषदातला आहे. सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, अन्नाचे काय होते ते सांगतो: ‘अन्नमशितं त्रेधा विधीयते’. खाल्लेल्या अन्नाचे तीन भाग होतात. ‘तस्य यः स्थविष्ठो धातुस्तत्पुरीषं भवति’, त्यातला जो सर्वांत जाड धातु त्याचे मळ होते. मधल्याचे मांस होते. सर्वांत सूक्ष्म त्याचे मन होते. इथे धातु म्हणजे निव्वळ ‘भाग, घटक, थर’. आणि या छोट्या वाक्यात एकच क्रियापद-मूळ तीनदा डोके वर काढते: त्रेधा, विधीयते, धातु. तिन्हींत ‘धा’ आहे. द्विधा, बहुधा, शतधा यांतला ‘धा’ पाणिनी वेगळा तद्धित प्रत्यय मानतो, पण त्याचा अर्थ सांगताना सूत्र करतो ‘संख्याया विधार्थे धा’ (५.३.४२), आणि ‘विधा’ हा शब्द वि + धा असाच झाला आहे.

या एका अर्थापासून पुढे फाटे फुटतात. शरीराचे थर म्हणजे रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे आयुर्वेदातले सप्तधातू. धातुपुष्टीच्या जाहिराती यांतल्या शेवटच्या धातूच्या आहेत. अनुभवाचे घटक म्हणजे बौद्धांचे अठरा धातू. बुद्धाच्या देहाचे मागे राहिलेले अंश, म्हणजे अस्थी, यांनाही पालीत धातु म्हणतात. अस्थी पोटात असलेला स्तूप तो धातुगर्भ, पालीत धातुगब्भ, सिंहली भाषेत दागब. हा शब्द घेऊन इंग्रज पुरातत्त्ववाले कार्ले-भाजे-कान्हेरीला आले आणि लेण्यांवरच्या आपल्या लिखाणात ‘दागोबा’ रुळला. लाओसची राजधानी व्हिएन्तियान इथला ‘फा थात लुआंग’ हा सोनेरी स्तूप जगप्रसिद्ध आहे. त्यातला ‘थात’ म्हणजे आपला धातूच.

डोंगराचे थर, त्यांतले रंगीत दगड आणि खनिज, हा लोखंडाकडे जाणारा फाटा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींच्या अधिकाऱ्याला, आकराध्यक्षाला, जे जे यायला हवे त्यात धातूंचे शास्त्र आहे, आणि तिथे धातु म्हणजे प्रामुख्याने खाणीतले कच्चे खनिज. मनुस्मृतीत (६.७१) ‘दह्यन्ते ध्मायमानानां धातूनां हि यथा मलाः’ असे आहे: भात्याने फुंकून तापवलेल्या धातूंचा मळ जसा जळतो. इथे आपण भट्टीशी आलो, म्हणजे आजच्या अर्थाच्या जवळ. पण कालिदासाच्या काळीही जुनी छटा गेलेली नाही. मेघदूतातला यक्ष शिळेवर पत्नीचे चित्र काढतो ते ‘धातुरागैः’, म्हणजे गेरूसारख्या डोंगरी रंगांनी. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात विद्याधर-स्त्रिया भूर्जपत्रावर ‘धातुरसेन’ प्रेमपत्रे लिहितात. पितळ वितळवून कुणी प्रेमपत्र लिहीत नाही. हा गेरूचा रंग आहे. थर, मग थरातला रंगीत दगड, मग ज्यातून लोखंड-तांबे निघते तो दगड, आणि शेवटी ते लोखंड-तांबे, असा हा अर्थाचा प्रवास.

व्याकरणाचा फाटा यापेक्षा जुना दिसतो. यास्काचे निरुक्त (वेदातल्या शब्दांच्या व्युत्पत्तीचा ग्रंथ), प्रातिशाख्ये (वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणारे ग्रंथ) आणि पाणिनीची अष्टाध्यायी या सर्वांत धातु ही पक्की संज्ञा आहे. गोपथ ब्राह्मणात (१.१.२४) ॐकाराविषयी प्रश्नांची माळ आहे: ‘को धातुः, किं प्रातिपदिकं, किं नामाख्यातं, किं लिङ्गं, किं वचनं, का विभक्तिः, कः प्रत्ययः’. ब्राह्मणग्रंथांत गोपथ उशिराचा मानतात, तरी या यादीतली जवळजवळ प्रत्येक संज्ञा आजही आपल्या शालेय व्याकरणात जिवंत आहे, हे पाहून मला दरवेळी आनंद होतो.

यास्काने तर या शब्दाची व्युत्पत्तीच देऊन ठेवली आहे, तीही दोन शब्दांत. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या यादीत, समानार्थी शब्दांचे गट कसे लावले आहेत हे सांगताना तो म्हणतो: ‘एतावन्तः समानकर्माणो धातवः। धातुर्दधातेः।’ (१.२०). एकाच अर्थाचे इतके धातु. धातु हा शब्द दधाति पासून. ‘दधातेः’ हे रूप जरा जवळून बघा. ‘दधाति’ म्हणजे ‘ठेवतो’. यास्क मूळ सांगताना नुसते ‘धा’ न म्हणता तृतीय पुरुषी एकवचनी रूप घेतो आणि त्याला नामासारखे चालवून पंचमी लावतो. धातूचा निर्देश असा ‘ति’-युक्त रूपाने करण्याची पद्धत पुढेही चालू राहिली. मुद्दा असा की अडीच हजार वर्षांपूर्वीच्या व्युत्पत्तिकाराला ‘धातू म्हणजे ठेवण्याशी संबंधित’ हे स्वच्छ माहीत होते. खाण, भट्टी, सोनार यांपैकी कोणी त्याच्या मनात नाही.

यास्काला या संज्ञेची गरज का पडली हेही लक्षात घ्यावे. त्याच्या काळी वाद होता: सगळी नामे क्रियापदांच्या मुळांपासूनच झाली का? शाकटायन आणि नैरुक्त (व्युत्पत्ती सांगणारे पंडित) म्हणत, हो. गार्ग्य आणि काही वैयाकरण म्हणत, सगळी नाहीत. असा वाद घालायचा तर शब्द फोडून त्यातला अर्थवाहू भाग हातात धरता आला पाहिजे आणि त्याला नाव पाहिजे. शब्द म्हणजे थरांची रचना. वरचे थर, म्हणजे प्रत्यय, बदलतात आणि खालचा मांडलेला थर तसाच राहतो. प्रत्ययही घटकच असताना धातु हे नाव एकाच घटकाला का मिळाले, याचे उत्तर मला या ‘खालच्या, टिकून राहणाऱ्या’ थरात दिसते. हे माझे मत आहे, कोणा प्राचीनाचे वचन नव्हे.

पाणिनी मात्र व्याख्येच्या फंदात पडत नाही. ‘भूवादयो धातवः’ (१.३.१): भू वगैरे यादीत दिलेले ते धातू. सोबत धातुपाठ, दहा गणांत लावलेले सुमारे दोन हजार धातू. नियमाने भू + आदयः याचे ‘भ्वादयः’ व्हायला हवे. मधला ‘व’ कुठून आला यावर पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीवरच्या भाष्यात, चर्चा आहे. एक उत्तर असे की तो व मंगलासाठी. दुसरे उत्तर जास्त कामाचे आहे: ‘भू’ आणि ‘वा’ यांच्यासारखे, असे वाचायचे. कारण नुसत्या यादीने भागत नाही. ‘वा’ (वाहणे) हा धातू, पण ‘किंवा’ या अर्थाचा ‘वा’ हे अव्यय. ‘या’ (जाणे) हा धातू, पण ‘या’ हे सर्वनामाचे रूपही. कानाला दोन्ही सारखे. म्हणून यादीत असणे आणि क्रिया सांगणे अशा दोन्ही अटी लागतात. मराठीच्या तासाला ‘कर’ हा धातू आणि ‘कर’ म्हणजे हात किंवा सरकारी कर, हे मुलांना वेगळे करून दाखवताना तुम्ही नेमकी हीच अडचण सोडवत असता. शिवाय ‘सनाद्यन्ता धातवः’ (३.१.३२) या सूत्राने पाणिनी साधित रूपांनाही धातू म्हणतो. आपण ‘करव’, ‘हाताळ’, ‘डोकाव’ यांना साधित धातू म्हणतो, ती कल्पना तिथली. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या शास्त्रीय मराठी व्याकरणापर्यंतच्या काळात मराठी व्याकरणाची परिभाषा स्थिरावली, ती संस्कृत संज्ञा घेऊन, आणि धातू हा तिच्यातला अगदी पायाचा शब्द.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, संस्कृतच्या मागे जाण्याचा.

धातु = धा + तु. धातुपाठात हा धातू तिसऱ्या, जुहोत्यादी गणात ‘डुधाञ् धारणपोषणयोः’ असा आहे. ‘तु’ हा प्रत्यय उणादिसूत्रांत (धातूंपासून नामे साधणाऱ्या प्रत्ययांच्या सूत्रांत) ‘तुन्’ म्हणून येतो. सेतु, तन्तु, सक्तु (आपला सातू), धातु ही एकाच सूत्राची अपत्ये. हेच ‘तु’ संस्कृतच्या हेत्वर्थक ‘तुम्’ मध्ये आहे: गन्तुम्, कर्तुम् या मुळात तु-अंती नामांच्या गोठलेल्या द्वितीया. म्हणून ‘ठेवण्यासाठी’ या अर्थाचे धातुम् आणि ‘धातूला’ या अर्थाचे धातुम् तंतोतंत सारखे दिसतात. लॅटिनमध्ये याच प्रत्ययाचे ‘-तुम्’ तशाच हेत्वर्थी कामाला येते. तिथे ‘कोन्देरे’ म्हणजे एकत्र ठेवणे, रचणे. त्याचे हे रूप ‘कोन्दितुम्’. त्यातला ‘दि’ म्हणजे आपला ‘धा’च, आखडलेला. उपसर्ग वेगळा असला तरी रचना ‘संधातुम्’ सारखीच आहे.

‘धा’चे पूर्वरूप आद्य इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या समान पूर्वज भाषेत, *धेह्- असे मानतात. त्याच्या आधीच्या तारकेचा (*) अर्थ असा की हे रूप कुठे लिहिलेले सापडलेले नाही, वंशज भाषांची तुलना करून ते बांधले आहे. शेवटचा ‘ह्’ ही एक लुप्त कंठ्य ध्वनीची खूण आहे. वंशजांत सुरुवातीचा ध घराघरात ठरावीक रीतीने बदलतो: संस्कृतात ध, ग्रीकमध्ये थ, लॅटिनमध्ये शब्दारंभी फ, इराणी, स्लाव्ही, बाल्टिक आणि इंग्रजीच्या घराण्यात द किंवा ड. म्हणून संस्कृत दधामि (मी ठेवतो), ग्रीक तिथेमि, लिथुआनियन देति, इंग्रजी ‘डू’ आणि ‘डीड’ ही एका रक्ताची. लॅटिन ‘फेकी’ (मी केले) आणि ग्रीक ‘एथेका’ (मी ठेवले) यांत मागे एक ‘क’ जोडलेला आहे. तो काढला की खाली तेच मूळ. ‘ठेवणे’ पासून ‘करणे’ हा अर्थबदल लॅटिन आणि इंग्रजी या दोन घरांत झाला.

‘दधामि’ आणि ‘तिथेमि’ यांच्यापाशी जरा थांबू. धा चे द्वित्व केले तर ‘धधामि’ व्हायला हवे, ‘दधामि’ का? संस्कृतात लागोपाठच्या दोन अक्षरांत दोन महाप्राण (ध, थ, भ यांसारखे ह-मिश्रित वर्ण) नकोसे होतात आणि पहिला आपला प्राण सोडतो. पाणिनीने द्वित्वाच्या पहिल्या भागासाठी हा नियम ‘अभ्यासे चर्च’ (८.४.५४) असा दिला. ग्रीकमध्येही तसेच: थिथेमि न होता तिथेमि. दोन्ही भाषांतली ही सवय एकत्र मांडली हर्मन ग्रासमान या जर्मन विद्वानाने १८६३ मध्ये. तो गणिती होता आणि ऋग्वेदाचा कोशकारही. या नियमाची खरी गंमत ‘धत्से’ या रूपात दिसते. दध् + से होताना शेवटच्या ध् चा त् होतो, म्हणजे त्याचा प्राण जातो. आता एकही महाप्राण उरला नाही असे होताच सुरुवातीच्या द चा प्राण परत येतो: धत्से, ‘तू ठेवतोस’. पाणिनीने यासाठीही खास सूत्र केले, ‘दधस्तथोश्च’ (८.२.३८). हे रूप फळ्यावर फोडून दाखवले की वर्ग जागा होतो, हा माझा अनुभव आहे.

त्या लुप्त ‘ह्’चा मागही संस्कृतात आहे. धा चे भूतकाळवाचक विशेषण ‘हित’. पाणिनी सांगतो ‘दधातेर्हिः’ (७.४.४२), धा च्या जागी हि. पण वेदात सुधित, वसुधित, नेमधित अशी जुनी रूपे शिल्लक आहेत आणि पाणिनीने त्यांची स्वतंत्र नोंद घेतली आहे (७.४.४५). म्हणजे आधी ‘धित’ आणि मग ‘हित’. यातला ‘इ’ कुठून आला? मूळ आखडून स्वर गेला तेव्हा तो कंठ्य ध्वनी एकटा उरला आणि संस्कृतात त्याचा ‘इ’ झाला. ग्रीकमध्ये त्याचाच ‘ए’ होऊन ‘थेतोस्’ असे रूप मिळते. विहित, निहित, संहिता हे सगळे या ‘हित’चे.

इराणकडून एक साक्ष. पर्सेपोलिसजवळ नक्श-ए-रुस्तम इथे दारयवहु (डरायस) राजाच्या कबरीवर प्राचीन फारसीत लेख आहे. त्यात अहुरमज्दाविषयी ‘ह्य इमाम् बूमिम् अदा, ह्य अवम् अस्मानम् अदा’ असे शब्द येतात: ज्याने ही भूमी निर्मिली, ज्याने ते आकाश निर्मिले. ‘इमाम् बूमिम् अदा’ म्हणजे संस्कृत ‘इमां भूमिम् अधात्’. त्यातला ‘अस्मान’ फारसीतून मराठीत आला, अस्मानी-सुलतानीत बसला आहे. इराणी भाषांत द आणि ध एक झाल्याने ‘देणे’ आणि ‘ठेवणे’ यांची मुळेही तिथे एकमेकांत मिसळली. संस्कृतात ती दा आणि धा म्हणून वेगळी राहिली.

ग्रीकमध्ये या मुळापासून ‘थेसिस’ (ठेवणे, मांडणी) आणि ‘थेमा’ (मांडलेली गोष्ट) हे शब्द झाले. थेमा म्हणजे आजची ‘थीम’. आणि ग्रीक वैयाकरणांनी, ज्या मूळ रूपापासून बाकीची रूपे साधतात त्या रूपाला हेच ‘थेमा’ नाव दिले. भारतात धातु, ग्रीसमध्ये थेमा: दोघांनीही शब्दाच्या मूळ भागासाठी ‘ठेवणे’ या एकाच मुळाचा शब्द निवडला. एकाने दुसऱ्याकडून उचलले असे यावरून म्हणता येत नाही, दोन्हींचे प्रत्यय वेगळे आहेत आणि संज्ञांचा आशयही नेमका सारखा नाही. पण दोघांच्या घरात तो जुना शब्द होता आणि दोघांना तो याच कामाला योग्य वाटला.

इंग्रजी ‘रूट’चे मूळ निराळे आहे. झाडाच्या मुळाची ही कल्पना हिब्रू व्याकरणातून युरोपात रुजली. हिब्रूत ‘शोरेश’ म्हणजे मूळ. दहाव्या शतकात कॉर्डोव्हात यहूदा हय्यूज याने तीन व्यंजनांच्या मुळांचा सिद्धान्त पक्का केला. पुढे युरोपीय अभ्यासकांना संस्कृत धातू भेटले तेव्हा त्यांनी ओळखीचा शब्द वापरला. चार्ल्स विल्किन्सने १८१५ मध्ये संस्कृत धातूंचा संग्रह छापला तो याच अर्थाच्या शब्दाने. तेव्हा ‘रूट’ हे ‘धातू’चे भाषांतर समजू नये.

खुद्द मराठीत या शब्दाचे काय झाले? तत्सम ‘धातु’ तर राहिलाच, १९६२ च्या लेखन-नियमांनी त्याचा शेवट दीर्घ होऊन ‘धातू’ झाला. समासात मात्र धातुपाठ, धातुसाधित असा ऱ्हस्वच. पण प्राकृतातून झिजत आलेले रूपही आहे. दोन स्वरांमधला त गळतो: भ्रातृ, भाउ, भाऊ. तसेच धातु, धाउ, धाऊ. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात धाऊ म्हणजे एक मऊ तांबडा दगड, आणि याच शब्दावरून ‘धावड’, लोखंड गाळणारे लोक. महाबळेश्वरच्या आसपास धावड लोक एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथल्या तांबड्या दगडातून लोखंड काढत. कालिदासाचा गेरू आणि कौटिल्याचे खनिज, दोन्ही अर्थ सह्याद्रीत एका शब्दात सापडतात. आणि क्रियापदाच्या रूपाने ‘धा’ हवा असेल तर ‘सांधणे’ पाहा, सं + धा. सांधा, सांधेदुखी, संध्या आणि तिची सांज याच कुटुंबातल्या. ‘श्रद्धा’ही: श्रत् + धा, लॅटिन ‘क्रेदो’ (मी विश्वास ठेवतो) तिची सख्खी बहीण.

वर्गात काय सांगावे? दागिन्यांचा दाखला द्यायला हरकत नाही, फक्त ‘म्हणून धातू म्हणतात’ हे शब्द गाळावेत. त्याऐवजी मुलांसमोर त्यांच्याच व्याकरणाच्या पुस्तकातल्या संज्ञा ठेवाव्यात: संधी, संहिता, विधान, विध्यर्थ, अभिधान, आणि संस्कृतवाल्यांना उपधा. सगळ्यांत ‘धा’ आहे, आणि लोखंडाशी एकीचाही संबंध नाही. यादी वाढवताना मात्र सावध राहावे. धावणे आणि धावडा हे झाड यांचा धाऊशी संबंध नाही; झाडाचे नाव संस्कृत ‘धव’ पासून आले. ‘धाता’ म्हणजे ब्रह्मदेव हा आपल्या ‘धा’चा आहे, पण ‘धात्री’ म्हणजे दूध पाजणारी दाई ही ‘धे’ (पिणे) या निराळ्या धातूची आहे; धेनूही त्याच घरची.